इलस्ट्रेटर या डिझाइन प्रोग्रॅममध्ये फाइल आरजीबीवरून (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायके (छपाईचे चार रंग: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) केली की पँटोन ऑरेंज ०२१ (पँटोन कंपनीच्या रंगयादीतला नारिंगी) मातकट दिसतो. स्पॉट रंग (स्वतःच्या वेगळ्या शाईने छापला जाणारा रंग) बदलला का?

शाई बदललेली नाही, फक्त पडद्यावरचं तिचं दर्शन बदललंय. स्पॉट रंगाची खरी ओळख म्हणजे स्वॉचचं (फाइलमध्ये साठवलेल्या रंगनमुन्याचं) नाव. छापखान्यात त्या नावाची वेगळी प्लेट (छपाईचा पत्रा) निघते आणि शाई डब्यातूनच येते. नावामागची आकडेवारी स्क्रीनपुरती किंवा कन्व्हर्ट करताना लागते. तो भगवा नारिंगी चार रंगांच्या छपाईत बसतच नाही, म्हणून सीएमवायके आकडे लागले की मलूल दिसतो.

स्वॉचेस पॅनेलच्या मेन्यूत 'स्पॉट कलर्स' उघडा आणि लॅब व्हॅल्यूज निवडा. लॅब म्हणजे डोळ्याला रंग कसा दिसतो त्यावर बेतलेले आकडे, ते कलर मोडवर (आरजीबी की सीएमवायके) अवलंबून नसतात. मग व्ह्यू मेन्यूतून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू (छापल्यावर कसं दिसेल याचा अंदाज दाखवणारा पर्याय) चालू करा, बराचसा फरक तिथेच मिटेल.

एक मात्र बघा: स्वॉच डबल क्लिक केल्यावर कलर टाइप 'स्पॉट'च हवा, 'प्रोसेस' (मूळ रंग मिसळून बनणारा) नको. आणि एकाच फाइलमध्ये ०२१ सी (कोटेड म्हणजे लेप दिलेल्या कागदासाठी) आणि ०२१ यू (अनकोटेड म्हणजे बिनलेपाच्या कागदासाठी) मिसळू नका. शाई एकच, पण नावं दोन म्हणून प्लेटाही दोन निघतात. दुसऱ्याच्या फाइलमधून लोगो कॉपी-पेस्ट केला की हा घोळ हमखास होतो. सेपरेशन्स प्रिव्ह्यूत (प्रत्येक प्लेट वेगळी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) लगेच कळतं.

वेबसाठी मात्र स्पॉटच्या भानगडीत पडू नका. एकदा आरजीबी आकडा ठरवून वेगळी फाइल ठेवा. आणि क्लायंटकडून मंजुरी घ्यायची ती छापील शेडकार्डवर, मॉनिटरवर नाही.