मधुमेही पायांसाठी अ‍ॅप करतोयस? आधी कळव्याला जाऊन ये

स्क्रीन नंतर काढ. आधी ठाण्याजवळच्या कळव्यातल्या नाहीतर ऐरोलीतल्या एखाद्या मधुमेही काकांच्या घरी तासभर बस. माझ्या पहिल्या अ‍ॅपमध्ये रोजचा प्रश्न होता, "पाय दुखतोय का?" एक काका रोज "नाही" दाबत राहिले आणि इकडे चपलेचा खिळा टाचेत रुतून जखम झाली होती. मधुमेहाने नसा बधिर झाल्यावर दुखणार काय, कपाळ! दुखतंय का विचारू नकोस, काय दिसतंय ते विचार: लाली, फोड, भेग, मोज्यावरचा डाग.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- स्वतःच्या तळव्याचा फोटो काढून बघ एकदा. गुडघे धरलेल्या माणसाला ते जमत नाही. फोन सून किंवा नातूच धरणार.
- अक्षरं मोठी ठेव. मधुमेहाने नजरही अधू होते.
- फोटो बघून "सगळं ठीक" असं अ‍ॅपने कधीच म्हणू नये. जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

तापमान मोजणारे मोजे, दोन पायांच्या तापमानातला धोक्याची खूण मानला जाणारा २.२ अंश सेल्सिअसचा फरक, एआय, हे सगळं पुढे बघू. चाचणी मात्र पावसाळ्यात घे. ओल्या चपलांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्या तेव्हाच चिघळतात.