गुडघे सांभाळून व्हॅलेटा

प्रश्न: मुलगी माल्टाला नर्स आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. व्हॅलेटा पायीच बघायचं शहर, असं ती म्हणते. पण माझे गुडघे कुरकुरतात आणि हिला चढण नको. एका दिवसात काय बघावं, काय सोडावं? — एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर: गुडघ्यांचं मला सांगू नका, मास्तर. मी पणजीच्या मळ्यात राहते, आल्तिनोचा चढ माझ्या दाराशीच आहे. तरी व्हॅलेटाने मला बसवलं. भाचीकडे तीन आठवडे होते. पहिल्याच दिवशी बंदरापलीकडच्या स्लिमा गावाहून फेरीने आले, धक्क्यावर उतरले आणि समोरच्या पायऱ्या चढायला लागले. रस्ता कसला, नुसता जिना! अर्ध्यावर एका उंबऱ्यावर बसकण मारली. आतल्या आजीबाईंनी काही न विचारता खुर्ची आणून दिली.

म्हणून सांगते, फेरीने जाऊ नका. बसने जा. बस शहराच्या वेशीबाहेर, ट्रायटनच्या कारंज्याजवळ, माथ्यावरच सोडते. हे शहर म्हणजे ताटातला बांगडा समजा. वेशीपासून टोकाच्या सेंट एल्मो किल्ल्यापर्यंत रिपब्लिक स्ट्रीट हा कणा. आडवे रस्ते म्हणजे काटे, दोन्ही बाजूंनी बंदराकडे उतरणारे. कणा धरून चाला, काट्यात शिरू नका.

हे रस्ते असे का, तेही ऐका. तुम्ही मुलांना 1565 म्हणजे तालीकोटची लढाई असं पाठ करून घेतलं असेल. त्याच वर्षी तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. सेंट एल्मो पडला, पण बेट वाचलं. तुर्क पुन्हा येतील या धाकाने सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाने, 28 मार्च 1566 रोजी या उघड्या डोंगरावर नव्या शहराची पायाभरणी केली. पोपने धाडलेल्या लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने सरळ रेघांचा आराखडा काढला. डोंगराचा माथा सपाट करायचं ठरलं होतं, पण तेवढा धीर कुणाला होता? त्या घाईची शिक्षा आपले गुडघे भोगतात.

बघायचं एकच ठेवायचं तर या सरदारांचं मोठं चर्च, सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. बाहेरून अगदी साधं, गोदामासारखं. आत मात्र पाय कुठे ठेवावा कळत नाही, कारण फरशी म्हणजे सरदारांची सुमारे चारशे थडगी, रंगीत संगमरवरात सांगाडे आणि ढाली-मुकुट जडवलेली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये आपण अशाच कोरीव थडग्यांवरून चालतो, पण ते दगड एकरंगी. वहिनींना टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडणार नाहीत.

तिथल्या ऑरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, 1608 सालचं. रोममध्ये खून करून पळालेला हा माणूस. मानेतून सांडलेल्या रक्ताच्या थारोळ्यात नीट बघा, त्याच रक्ताने त्याने आपलं नाव लिहिलंय. सही केलेलं त्याचं हे एकच चित्र. मी तिथे तासभर बाकावर बसले होते. गुडघ्यांनाही बरं वाटलं.

बारा वाजायच्या पंधरा मिनिटं आधी अपर बराक्का बागेत पोचा. खालच्या सज्जावरून भर दुपारी तोफ उडते. वहिनींना आधी सांगून ठेवा, मी हातातली पाण्याची बाटली टाकली होती.

भूक लागली तर पास्तित्सी घ्या, रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेली खुसखुशीत पुडी. पारंपरिक पीठात डुकराची चरबी असू शकते. चालत नसेल तर विचारून घ्या.

सेंट एल्मोचं टोक खुशाल सोडा. जाताना उतार मोहात पाडतो, परतताना चढ वसूल करतो. बूट मात्र रबरी तळव्याचे हवेत. तिथला पिवळसर चुनखडक पायांनी घासून गुळगुळीत झालाय. माझ्या कोल्हापुरीने दगा दिला आणि एका गल्लीत मी चांगलीच आपटले.

उरलेल्या दुपारी त्याच बागेतून लिफ्टने खाली उतरा. 58 मीटर उंचीची आहे, 2012 पासून चालू. खालून फेरी पकडून पलीकडे बोर्म्लाला जा. धक्क्याच्या कडेने सपाट चालत बिर्गूला पोचाल, वेढ्याच्या काळात सरदार तिथेच राहायचे. पाण्याकाठी वहिनींसाठी सावलीची जागा बघा. समोर सगळी व्हॅलेटा दिसते, ऊन कललं की गुळाच्या रंगाची. अंधार पडायच्या आत परतीची फेरी कधी सुटते ते तेवढं आधी बघून ठेवा.