वाचकांचे प्रश्न : घरची मंडळी जमल्यावर खेळण्याजोगा डावपेचांचा खेळ

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमच्या परभणीच्या घरी आम्ही सहा-सात जण एकत्र येतो. कॅरमवर चौघे बसतात आणि बाकीचे मोबाइल घेऊन कोपरा धरतात. पुण्यात शिकणारी पुतणी ‘कटान’ हा पटावरचा खेळ आणावा, असे म्हणते. तो आम्हा सर्वांना मिळून खेळता येईल का, आणि त्यात डोके चालवावे लागते की सारे फाशांवरच अवलंबून असते?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पुतणीचे म्हणणे जरूर ऐकावे. मंडळी जमवून खेळण्यासाठी मला हा खेळ सर्वांत जास्त आवडतो. क्लाउस टॉयबर या जर्मन रचनाकाराचा हा खेळ १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला.

यात १९ षट्कोनी तुकडे जोडून एक बेट मांडतात. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो आणि फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली की, पाळी कोणाचीही असो, त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर वस्ती असलेल्या प्रत्येकाला तिथल्या मालाचे, म्हणजे लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिजाचे, पान मिळते. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही सर्वांचे लक्ष पटावर असते. जो आपल्या पाळीत आधी दहा गुण गाठेल, तो जिंकतो.

खरी रंगत देवाणघेवाणीत आहे. रस्त्याला एक वीट आणि एक लाकूड लागते. वस्तीला त्यांच्या जोडीला एक लोकर आणि एक धान्यही लागते. हा सगळा माल एकाच्याच हाती सहसा येत नाही आणि बँकेकडे जावे, तर एकाच मालाची चार पाने देऊन हवे ते एकच पान मिळते. मग “दादा, दोन लोकर घे, पण एक वीट दे” अशी घासाघीस सुरू होते. मोंढ्यातल्या सौद्याप्रमाणे इथेही समोरच्याची नड ज्याला ओळखता येते, त्यालाच चांगला भाव मिळतो. एरवी गप्प बसणारी मुलेसुद्धा यात हिरिरीने बोलू लागतात, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

आता फाशांविषयी. दोन फाशांची ३६ प्रकारची दाने पडू शकतात. त्यांत ७ ही बेरीज सहा प्रकारे, ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, तर २ आणि १२ एकेकाच प्रकारे येतात. म्हणून पहिल्या दोन वस्त्या कुठे बसवायच्या, हा या खेळातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. सगळा भार ६ आणि ८ वर टाकण्याऐवजी वेगवेगळे आकडे आणि वेगवेगळा माल मिळेल असे कोपरे निवडावेत. ७ पडले की ज्याच्या हाती सातपेक्षा जास्त पाने असतील त्याला निम्मी परत करावी लागतात, आणि फासे टाकणारा चोराची सोंगटी हलवून एका तुकड्याचे उत्पन्न अडवतो. त्यामुळे साठेबाजी महागात पडते. तरीही दानच पडले नाही तर चांगला खेळाडू मागे राहतो, आणि चार-पाच गुणांवर अडकलेल्याला शेवटचा अर्धा तास कंटाळवाणा जातो. हा दोष खराच आहे.

मूळ पेटी तीन ते चार जणांसाठी असते. पाच-सहा जणांसाठी पूरक पेटी वेगळी मिळते, परंतु तेव्हा डाव लांबतो आणि पाळीची वाट पाहणे वाढते. आपण सहा-सात जण असल्याने पूरक पेटीवर खर्च करण्यापूर्वी जोड्या करून खेळून पाहावे : तीन जोड्या बसवाव्यात आणि सातव्या व्यक्तीकडे बँकेची पाने सोपवावीत. लहान मुलाला मोठ्यासोबत बसवले, तर नियम समजावण्याचे कामही हलके होते. पहिल्या डावाला नियमपुस्तिकेत नवशिक्यांसाठी दिलेलीच मांडणी घ्यावी आणि जेवणे उरकल्यावर दोन तास मोकळे ठेवूनच बसावे.