जनसुनावणीतील हरकत: पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका

शिरूर तालुक्यातील आपल्या वस्तीजवळ रासायनिक कारखाना प्रस्तावित आहे, जनसुनावणीची नोटीस निघाली आहे आणि आपण एकाच निवेदनावर सर्वांच्या सह्या घेत आहात, हे वाचून राहवले नाही, कारण पुणे जिल्ह्यातच काही वर्षांपूर्वी आमच्या गावाने नेमके हेच केले होते.

आमचे निवेदन आम्ही एका कार्यालयात दिले. तेथील कर्मचाऱ्याने, सुनावणीच्या कागदांना ते जोडून घेतो, वेगळी पोच लागत नाही, असे सांगितले आणि आम्ही आवक क्रमांक न घेताच परतलो. इतिवृत्त हाती आले तेव्हा त्यात आमच्या निवेदनाचा उल्लेखच नव्हता, आणि ते दिल्याचा एकही पुरावा आमच्यापाशी नव्हता. त्यानंतर या टेबलावरून त्या टेबलावर घातलेल्या हेलपाट्यांचा मनस्ताप अजून गेलेला नाही. म्हणून माझे मत ठाम आहे: प्रत्येक कुटुंबाने आपल्या शब्दांत स्वतंत्र हरकत लिहावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा.

दुसरी गोष्ट सुनावणीच्या दिवसाची. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार कामकाजाचा सारांश शेवटी उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची असते. आमचे बहुतेक लोक भाषणे संपताच धारांची वेळ झाली म्हणून उठले, आणि वाचन झाले तेव्हा आमचा मुद्दा राहिला आहे असे सांगणारे कोणीही तेथे नव्हते. निदान चार माणसे शेवटपर्यंत बसतील, अशी व्यवस्था आधीच करा.

हरकतीत केवळ ‘प्रदूषण होईल’ असे लिहिण्यापेक्षा प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या मसुदा अहवालातील पान दाखवा. हवेची मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, हे आधी पाहा. आमच्याकडे ती उन्हाळ्यात झाली होती. प्रत्यक्षात आपल्या भागात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते आणि धूर वर जात नाही. जवळच्या विहिरी अहवालातील नकाशावर आहेत का, हेही तपासा.

मी वकील नाही आणि प्रत्येक प्रकल्पाला हेच नियम लागतील असे नाही. काही औद्योगिक क्षेत्रांतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असते, तर काही प्रकल्प मुळातच जनसुनावणी लागणाऱ्या प्रवर्गात बसत नाहीत. पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते, त्यापुढे नाही. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. मंजुरीची बातमी आम्हाला उशिरा कळली, म्हणून दर आठवड्याला मंजुऱ्या प्रसिद्ध होणारे सरकारी संकेतस्थळ पाहण्याचे काम आजच एखाद्या तरुणाकडे सोपवा आणि त्याचे नाव ग्रामसभेत सर्वांना सांगून ठेवा.