जीप हा ब्रँड नेमका किती जुना आहे, आणि जुनी पेट्रोल जीप बाळगणाऱ्यांचा खरा अनुभव काय?

तुम्ही विचारलंय की जीप ही कंपनी मूळ कुणाची, ती महिंद्राची की अमेरिकेची, आणि पन्नास वर्षांपूर्वीची एखादी पेट्रोल जीप आज विकत घेतली तर ती सांभाळता येते का. आमच्या घरी 1972 ची सीजे-थ्रीबी मॉडेलची पेट्रोल जीप आहे, पाटण तालुक्यात. मी तिच्याच मागच्या बाकड्यावर बसून शाळेत गेलो आणि आता ती माझ्या नावावर आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी नावाचं. सातारा-सांगलीकडे ‘जीप’ म्हणजे कुठलीही उघडी, उंच गाडी. वडाप करणारी, म्हणजे सवाऱ्या भरून नेणारी असो, तहसीलदाराची असो की प्रचाराची. पण जीप हे मुळात एका अमेरिकन गाडीचं नाव आहे आणि ते कुठल्या एका कंपनीच्या डोक्यातून आलेलं नाही.

1940 च्या जुलैत अमेरिकन सैन्यानं 135 कंपन्यांना पत्रं पाठवली. हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी टेहळणीची गाडी हवी, आणि नमुना 49 दिवसांत दारात हवा. उत्तर दिलं फक्त दोघांनी, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड या मोटार कंपन्यांनी. त्यातली अमेरिकन बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची छोटी कंपनी, तेव्हा जवळजवळ बुडालेली. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यानं दोन-अडीच दिवसांत आराखडे काढले आणि 23 सप्टेंबर 1940 ला गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

गाडी सैन्याला पसंत पडली, पण एवढी छोटी कंपनी हजारोंनी गाड्या कशा बनवणार अशी शंका आली. म्हणून बँटमचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांना दाखवले गेले. विलीजचं इंजिन सर्वांत दमदार निघालं, 60 हॉर्सपॉवरचं, त्याला ‘गो डेव्हिल’ म्हणत. अडचण वजनाची होती. सैन्याची मर्यादा 2160 पौंडांची आणि विलीजची गाडी त्यापेक्षा बरीच जड. त्यांचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी गाडी सुटी करून एकेक बोल्ट आखूड केला, पत्रा पातळ केला, रंगाचा थरसुद्धा कमी केला असं सांगतात. 1941 मध्ये मोठं कंत्राट विलीजला मिळालं. नंतर त्याच नकाशावर फोर्डनंही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या. बँटमच्या वाट्याला काय आलं? सुमारे 2700 गाड्या आणि पुढे ट्रेलर बनवायचं काम. जीपचं कौतुक करणाऱ्यांनी बटलर गावाचं नाव आधी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची ती ओळखीची जाळीसुद्धा विलीजची नाही. विलीज लोखंडी पट्ट्या जोडून जाळी करत असे. फोर्डनं एकाच पत्र्यातून नऊ खाचा ठोकून काढल्या, ते स्वस्त आणि हलकं पडलं, मग विलीजनंही तेच घेतलं. 1945 मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-टूए आली, तिचे दिवे मोठे झाले आणि खाचा सातच राहिल्या. आज जी सात खाचांची जाळी म्हणजे जीप, ती अशी जुळून आली.

‘जीप’ हा शब्द कुठून आला यावर अजून वाद आहेत. कुणी म्हणतं जी आणि पी या अक्षरांचा अपभ्रंश, कुणी पॉपायच्या चित्रकथेतल्या कुठेही पोचणाऱ्या प्राण्याचं नाव सांगतं. नक्की एवढंच की 1941 च्या सुरुवातीला विलीजच्या चालकानं वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली आणि तेव्हा वर्तमानपत्रात हे नाव छापून आलं. विलीजनं ते आपल्या मालकीचं करायला अर्ज केला, त्यावर तक्रारी झाल्या आणि ट्रेडमार्क मिळायला 1950 उजाडलं.

त्यानंतर मालकांची रांगच लागली. 1953 ला कैसर, 1970 ला अमेरिकन मोटर्स, 1987 ला क्रायसलर, मग डायम्लरशी जोडणी, मग फियाट आणि 2021 पासून स्टेलांटिस. विलीजचा टोलेडो, ओहायोतला जुना कारखाना आता पाडलाय. माझा मामेभाऊ तिकडे असतो. विटांत ‘ओव्हरलँड’ अशी अक्षरं असलेली एकच चिमणी तिथे उभी ठेवलीय, तिचा फोटो त्यानं मला पाठवला होता. मी तो आमच्या घरच्या वडीलधाऱ्या आण्णांना दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “म्हंजी ही आपल्या गाडीची वाडवडलांची जागा.” टोलेडोत आजही रँग्लर ही जीप बनते. भाऊ सांगतो, तिथे समोरून दुसरी रँग्लर आली की ओळखदेख नसताना हात वर करायचा अशी रीत आहे. युटा राज्यातल्या मोआबला 1967 पासून दर ईस्टरला जीपवाले जमतात आणि खडकांवर गाड्या चढवतात.

आता आपल्याकडचं. महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी 1945 ची. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल, आणि इकडे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 1949 मध्ये विलीजच्या सुट्या भागांच्या पेट्या मुंबईत आल्या आणि माझगावात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वंश अमेरिकेचा, परवाना घेऊन घडवणं इथलं. सीजे-थ्रीबी अमेरिकेत 1968 ला बंद झाली, आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत होती. आज शोरूममध्ये जीप नावानं मिळते ती वेगळ्या घराण्याची. कंपास 2017 पासून पुण्याजवळ रांजणगावात बनते, पण तिचा महिंद्राशी काही संबंध नाही. उलट महिंद्रानं 2018 मध्ये रॉक्सर नावाची गाडी अमेरिकेत विकायला काढली तेव्हा जीपच्या मालकांनी आमच्या गाडीचं रूप उचललं म्हणून तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आणि महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. कायद्यानं काय असेल ते असो, मला मात्र त्या दिवशी दोन भाऊ बांधावरून भांडताना बघावं तसं वाईट वाटलं होतं.

थ्रीबी ओळखायची तिच्या उंच बॉनेटवरून. आत हरिकेन इंजिन आहे, त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. दिसायला ती जरा मान ताठ केल्यासारखी वाटते. मला ती तशीच आवडते.

ती चालवणं वेगळं शिकावं लागतं. गिअर तीनच, आणि पहिल्याला सिंक्रोमेश (गिअरचे दात अलगद जुळवणारी सोय) नाही, म्हणजे गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर दात कुरकुरतात. गिअरच्या शेजारी आणखी दोन लहान दांडे. एकानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं लो, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त देणारा गिअर टाकायचा. आमच्याकडे जुलैत भातलावणीच्या वेळी शेताची वाट म्हणजे नुसता रेंदा. लो टाकली की गाडी माणूस चालतो त्या गतीनं, इंजिन जराही न दमता, चिखलातून रोपांच्या मुठी घेऊन वर येते. तिथे ॲक्सिलरेटर दाबणारा अडकतो. पाय काढून घेणारा बाहेर येतो.

बॅटरी उतरली तर हँडल. ते बंपरमधल्या भोकातून घालून इंजिनाच्या तोंडाला अडकवायचं. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना पहिल्यांदा हातात घेतलं आणि सायकलचं धरावं तसं मूठ वळवून धरलं. आण्णांनी मनगट पकडलं. “आरं, आंगठा त्या अंगाला न्हाई घालायचा. बोटांच्या बाजूलाच ठेव. उलटा झटका आला तर हाड मोडंल.” हँडल नेहमी खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, म्हणजे इंजिन उलट फिरलं तरी हँडल बोटांतून सुटून जातं. आजही हँडल धरताना अंगठा आपोआप बाहेर येतो.

आता दुखणी, कारण तुम्ही खरं विचारलंय. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढताना गाडी अर्ध्यात बंद पडते. बिघाड काही नसतो. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असतो, शेजारी तापलेला एक्झॉस्ट, आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. त्या काळच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचा हा स्वभाव. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटं सावलीला बसायचं, गाडी चालू होते. आमच्या सीटखाली त्यासाठी एक जुना पंचा आणि पाण्याचा कॅन कायम असतो. दुसरं म्हणजे पॉइंट, प्लगला ठिणगी मिळावी म्हणून उघडझाप करणारे छोटे संपर्क. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचे, मग त्यातून पोस्टकार्डाचा कोरा तुकडा ओढून भुकटी पुसायची. तो शेवटचा तुकडा विसरलात तर पुन्हा मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळत चालणार.

तिसरं जरा गंभीर आहे. खड्ड्यात चाक गेलं आणि वेग पन्नासच्या आसपास असला तर कधीकधी पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. घाबरून ब्रेक मारू नका, पाय काढून वेग हळूहळू उतरू द्या. कारण बहुतेकदा किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिच्या) बेअरिंगची झीज, नाहीतर बेलक्रँक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा सांधा, ढिला. आमच्या गाडीला हे झालं ते दोन पावसाळे ग्रीस मारायचं आम्हीच टाळलं म्हणून. बेअरिंग बदलायला मी शहरातल्या एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून जोड आणला, पाकीट छान होतं, माल दोन महिन्यांत खडखडायला लागला. मिस्त्रीमामांनी तो हातात फिरवला, कानाशी नेला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. तेव्हापासून जुनं बेअरिंग त्यांच्या हातात देतो आणि नवं त्यांनीच निवडायचं.

हे मिस्त्रीमामा म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर. जीप ज्या गरजेतून जन्मली ती अशी की रणांगणावर कुठल्याही गावच्या पोरानं चार पान्यांत ती खोलावी आणि बसवावी. फोर्डनं आपल्या गाडीच्या बोल्टावर एफ अक्षर कोरलं तरी तो बोल्ट विलीजला बसायचाच. म्हणून कंपन्या विकल्या गेल्या, नावं बदलली, पण गाडी राहिली. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत आणि त्यांनी अख्खा गिअरबॉक्स आमच्या गोठ्यासमोर तरटावर उतरवलाय. असा माणूस तुमच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर जीप घ्या. नसेल तर स्वतः शिकायची तयारी ठेवा. दोन्ही नसेल तर मी घेऊ नका म्हणेन, कारण उभी राहून गंजणारी जीप बघवत नाही.

खर्चाचं थोडक्यात: आमची लिटरला 8-9 किलोमीटर देते. पावसात पायाखालचा पत्रा आधी कुजतो, म्हणून मॅट उचलून बोटानं दाबून बघा. गाडी विकणारा रंगाची स्तुती करेल, तुम्ही खाली झोपून पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पट्ट्या आणि चेसिसचे सांधे बघा.

कागदाकडे जास्त लक्ष द्या. बऱ्याच जुन्या पेट्रोल जीपमध्ये मध्येच कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसी बुकावर पेट्रोलच लिहिलेलं असतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि पुस्तक स्वतः जुळवून बघा, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते, व्हीए मालिकेची पाटी मिळते. मात्र मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आमची शेतात राबते म्हणून मी ते केलेलं नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिन कसं उठतं त्यावरून पॉइंट, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन सगळं कळतं. आणि सीट उचलून हँडल आहे का बघा. पन्नास वर्षांत ते कुणी भंगारात घातलं नसेल, वर त्याला ग्रीसचा हात लावून फडक्यात गुंडाळून ठेवलं असेल, तर त्या माणसाशी भावाची घासाघीस फार करू नका.