मागून गाडी धडकली, दुसऱ्या दिवशी मान धरली. ही व्हिपलॅश इंजुरी आहे का?

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला उभ्या असलेल्या कारला मागून टेम्पोने ठोकलं, तेव्हा काही दुखलं नाही, पण सकाळी उठल्यावर मान वळेना आणि डोकं मागून ठणकतंय. एक्स-रे नॉर्मल आला. हे सगळं व्हिपलॅशशी, म्हणजे अचानक हिसका बसून मानेच्या मऊ भागांना झालेल्या इजेशी जुळतं. दुखणं उशिरा सुरू झालं म्हणून जास्त घाबरू नका. अपघातानंतर मानेचा एक्स-रे किंवा सीटी काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी कॅज्युअल्टीत कॅनेडियन सी-स्पाइन नियम वापरतात. त्यात उशिरा सुरू झालेलं दुखणं कमी धोक्याच्या बाजूला धरलंय.

उशीर का लागतो? मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहतं. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा पुढे वाकतो. स्नायू आवळायच्या आतच हे होऊन जातं आणि मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर, त्यांच्या आवरणावर ताण येतो. सूज आणि स्नायूंचा आखडलेपणा चढायला १२ ते २४ तास लागतात, कधी दोन-तीन दिवसही. बंपरला नुसता ओरखडा आहे म्हणून मानेला काही झालं नसेल, हे गणित चुकीचं.

नेहमीचं दुखणं असं असतं: मानेच्या मागे, मधल्या हाडाच्या एका किंवा दोन्ही बाजूंना, तिथून खांद्यावर आणि पाठीच्या दोन फऱ्यांच्या मध्ये उतरतं. गाडी रिव्हर्स घेताना मागे बघायला अख्खं धड फिरवावं लागतं. उशीवरून उठताना डोक्याला हाताचा आधार द्यावा लागतो. डोकेदुखी कवटीच्या बुडापासून सुरू होऊन डोळ्यामागे येते. काहींना घास चावताना जबडा दुखतो, चक्कर येते, कानात आवाज येतो, कामात लक्ष लागत नाही. ही लक्षणं व्हिपलॅशमध्ये दिसतात, पण डोक्याला मार लागल्यावरही दिसतात. त्यामुळे उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा अपघाताच्या वेळचं न आठवणं असेल तर फक्त मानेवर थांबू नका.

आता घरी न थांबण्याची लक्षणं. मानेच्या अगदी मधल्या हाडावर बोट टेकताच कळ येणं. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा. शर्टाचं बटण लावता न येणं, हातातून कप निसटणं. चालताना पाय जड वाटणं, लघवीवर ताबा न राहणं. यातलं काहीही असेल, वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा गाडी उलटली असेल, तर मान हलवू नका. झोपून राहा आणि १०८ ला फोन करा. आधीपासून स्पॉन्डिलायसिस (मानेच्या मणक्यांची झीज) असलेल्या वयस्कर माणसात हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होते. अशा वेळी पायांपेक्षा हातांची ताकद जास्त जाते.

यातलं काहीच नसेल तर खुर्चीत ताठ बसून मान स्वतःच, सावकाश डावीकडे आणि उजवीकडे वळवा. दुसऱ्या कुणाला वळवू देऊ नका. नाक समोर आणि खांदा यांच्या मधोमध, म्हणजे ४५ अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना गेलं तर चांगली खूण. नाही गेलं तर जोर न लावता डॉक्टरकडे जा.

तुमच्या एक्स-रेबद्दल एक विचारून घ्या: बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये सातवा मणका आणि त्याखालचा सांधा दिसतोय का? रुंद खांद्यांच्या माणसात तो बरेचदा झाकला जातो. तो दिसत नसेल तर तेवढ्यावर नॉर्मल म्हणता येत नाही, सीटी लागू शकतो. ‘मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे’ हे वाक्य रिपोर्टमध्ये असेल तर त्यावर फार जाऊ नका, ते धडधाकट माणसाच्या रिपोर्टमध्येही सापडतं. शिवाय व्हिपलॅशची इजा मऊ भागांना असते, ती एक्स-रेत दिसतच नाही.

आणि सलूनमध्ये मान कट्टकन मोडून घेणं, तेल लावून जोरात चोळणं, दोन्ही बंद. धक्क्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं. कधीच न अनुभवलेली एका बाजूची मानदुखी, त्यासोबत पापणी खाली येणं, बोबडं बोलणं किंवा तोल जाणं, हे काही दिवसांनी उद्भवलं तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलात.

मेडिकलमधून आणलेला पट्टा आठवडाभर बांधून बसू नका. स्नायू ढिले पडतात आणि मान जास्तच धरते. दर दोन तासांनी दुखण्याच्या अलीकडेपर्यंत मान पाच-दहा वेळा वळवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा. पॅरासिटामॉल चालतं, यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. सुरुवातीलाच फार ठणका असलेल्यांना वेळ लागतो, त्यांनी फिजिओथेरपी लांबवू नये.

विम्याचा दावा करायचा असेल तर केसपेपरवर अपघाताची तारीख, वेळ आणि दुखणं कधी सुरू झालं ते आजच लिहून घ्या. पंधरा दिवसांनी गेलात तर मानेचा संबंध त्या धडकेशी जोडणं अवघड जातं.