३४ व्या वर्षी शिडाच्या बोटींच्या रेसिंगला सुरुवात करता येईल का? बोट विकत घ्यावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की मांडव्याच्या लाँचमधून जाताना गेटवेसमोर रविवारी छोट्या शिडाच्या बोटींची रेस दिसते, ती करायची फार इच्छा आहे, पोहता येतं पण शीड कधी हातात धरलेलं नाही, आणि एक सेकंडहँड बोट स्वस्तात मिळतेय ती घेऊन टाकू का. वयाचं म्हणाल तर मी ३१ व्या वर्षी सुरू केलं, त्यामुळे ते डोक्यातून काढून टाका. आणि बोट नका घेऊ, निदान एक सीझन तरी अजिबात नका घेऊ.

कारण सांगते. मी आधी चार-पाच दिवसांचा बेसिक कोर्स केला, तो तुम्हालाही करावाच लागेल, टॅक (वाऱ्याकडे तोंड फिरवून वळणं) कसं करायचं, जाइब (वाऱ्याकडे पाठ ठेवून वळणं) कसं करायचं, उलटलेली बोट सरळ कशी करायची एवढं त्यात येतं. मग जवळपास सहा महिने रविवारी भाड्याची बोट घेऊन नुसती हिंडत राहिले आणि मला वाटायचं की येतंय. त्यानंतर पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून रेसला बसले आणि त्या एका दुपारी जे कळलं ते सहा महिन्यांत कळलं नव्हतं. एकटे असताना तुम्ही हळू जाताय की वेगात हे समजायला मार्गच नसतो, रेसमधे शेजारी तशीच बोट असते, ती पुढे गेली म्हणजे तुमचं काहीतरी चुकतंय, आणि हेल्म, म्हणजे सुकाणू, धरलेला माणूस तिथल्या तिथे सांगतो की जिब (पुढचं छोटं शीड) दोन इंच सैल सोड. खरंच दोन इंच. ओली दोरी क्लीटमधून (दोरी अडकवायच्या चिमट्यातून) काढायची, हातात जराशी सोडायची आणि शिडाच्या पुढच्या कडेला बांधलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे बघत राहायचं, दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहायला लागले की थांबायचं. हे पुस्तकातून शिकता येत नाही.

म्हणून क्रू व्हा. मुंबईत दोन-तीन माणसांच्या बोटी आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या जुन्या सीबर्ड तर तुम्ही लाँचमधून बघितल्याच असतील, आणि अशा बोटवाल्यांना दर रविवारी नक्की येणारा माणूस कायम हवा असतो. नंतर एकट्याने करायचं तर लेझर, तिला आता आयएलसीए म्हणतात. बोट तीच, साधारण ४.२ मीटरची, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे शीड बदलतं, सगळ्यात लहान ४.७ चौरस मीटरचं आणि मोठं ७ च्या थोडं वर. भारताच्या विष्णू सरवणनने हांगझोऊच्या एशियन गेम्समधे २०२३ मधे ब्राँझ घेतलं ते ह्याच बोटीत, म्हणजे शिकायची बोट वेगळी आणि मोठ्या स्पर्धेची वेगळी असं इथे नाही, मला ह्या खेळातली ही गोष्ट फार आवडते.

आता स्टार्ट. रेस तिथेच अर्धी होते. कमिटी बोट (रेस घेणाऱ्यांची बोट) आणि एक बोया (पाण्यावर तरंगती खूण) ह्यांच्यामधली रेघ म्हणजे स्टार्ट लाइन, पाण्यावर ती दिसत नाही, आणि बोटी उभ्या राहू शकत नाहीत त्यामुळे सगळे तिथेच घिरट्या घालत असतात. ५ मिनिटं आधी क्लासचा, म्हणजे तुमच्या प्रकारच्या बोटींचा, झेंडा वर जातो, ४ ला निळा, मधे पांढरा चौकोन असलेला, १ मिनिट उरलं की तो खाली येतो, शून्याला क्लासचा झेंडा खाली. प्रत्येक वेळी आवाज होतो पण वेळ झेंड्यावरून धरतात, आवाज उशिरा झाला तरी. घड्याळ पहिल्या झेंड्यालाच सुरू करा. सुरुवातीच्या रेसेसमधे कमिटी बोटीजवळच्या गर्दीत घुसू नका, रेघेच्या मधे किंवा बोयाच्या बाजूला, दोन सेकंद उशीर झाला तरी चालेल पण मोकळ्या वाऱ्यात निघा. पुढच्या बोटीच्या शिडाची सावली वाऱ्यातही पडते, त्या सावलीत अडकलात की मागेच पडत जाता.

नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, दर चार वर्षांनी बदलतं, पण सुरुवातीला तीन पुरतात. वारा डाव्या अंगावरून घेणाऱ्याने उजव्या अंगावरून घेणाऱ्याला वाट द्यायची. दोघं एकाच बाजूने वारा घेत असतील तर वाऱ्याकडच्या बोटीने लांब राहायचं. मागून येणाऱ्याने पुढच्याला धडकायचं नाही. चुकलात तर बाजूला जाऊन दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या, मार्कला, म्हणजे वळसा घालायच्या बोयाला, नुसता स्पर्श झाला तर एक, आणि पुढे चालू पडायचं. कोणी ओरडलं तर घाबरू नका, सगळेच ओरडतात, किनाऱ्यावर आल्यावर तेच लोक चहा पाजतात.

आणि भरती-ओहोटी! मुंबईत नवशिक्यांना वाऱ्यापेक्षा पाणी जास्त हरवतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा चार-साडेचार मीटर पाणी वर-खाली होतं आणि ते सगळं बंदरातून आत-बाहेर जातं. मी पहिल्यांदा स्वतः हेल्म धरलं त्या रेसमधे मार्कच्या थोडं वर, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, आहे असं बघून वळले, बोटीचं नाक बरोबर मार्कच्या वर होतं, पण बोट आडवी सरकत होती आणि ते लक्षात येईपर्यंत बोया पुढच्या टोकाला लागला. तेव्हापासून सवय लावून घेतली, लाइनवर जाताना नांगरलेल्या बोटी बघायच्या, त्यांची तोंडं कुठे आहेत, नांगराची दोरी किती ताठ आहे, बोयामागे पाण्याची शेपटी किती लांब आहे. अर्धा मिनिट लागतो. आणि हिवाळ्यात सकाळचा मतलई वारा दुपारच्या आधी पडतो, मग खारा वारा येईपर्यंत मधे काहीच नसतं, तेव्हा बोट २ नॉटने (ताशी २ सागरी मैल) पुढे आणि पाणी दीड नॉटने मागे असा प्रकार होतो. शाळेत भूगोलात खारे वारे, मतलई वारे घोकले होते ते इथे अंगावर येतात.

बोट उलटेल, ते गृहीत धरा. ओहोटीला पाणी कमी असलं तर डोलकाठी गाळात रुतते, माझी रुतली होती. तेव्हा बोटीवर चढून दाबत बसू नका, ती अजून खोल जाते, रेस्क्यू बोटीला हात करा आणि काहीही झालं तरी बोट सोडून पोहत निघू नका. लाइफ जॅकेट, हातमोजे, घड्याळ आणि बंद बूट, चपला नाही, उतरायच्या धक्क्यावर कालवं असतात आणि तळपाय कापले की महिनाभर बसावं लागतं. बाकी खर्च पहिल्या वर्षी करू नका.

रेस मधेच सोडू नका हेही सांगायचं राहिलं. गुण कमी तो जिंकतो, ११ बोटी असतील तर शेवटच्याला ११ आणि सोडून देणाऱ्याला १२. मालिकेच्या शेवटी तो एक गुण दिसतो.

मुंबईत पावसाळाभर हे सगळं बंद असतं, सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पण ऑक्टोबरची वाट बघू नका. नारळी पौर्णिमा झाली की बोटी घासायला, रंगवायला काढतात तेव्हा एका शनिवारी क्लबवर जा, तुमचं वजन सांगा, दर रविवार मोकळा आहे म्हणून सांगा आणि हातभार लावा. मी एका काकांच्या बोटीचं जुनं वॉर्निश खरवडत होते, दुसऱ्या शनिवारी त्यांनीच विचारलं, "रविवारी येशील का गं, माझा जिबवाला पुण्याला गेलाय."